मथळा खरा धरा आणि उद्याचा अंक लिहून पाहा : मराठी संपादकांना खुले पत्र

मराठी दैनिकांचे संपादक आणि वृत्तवाहिन्यांचे बातमी विभागप्रमुख यांना,

सप्रेम नमस्कार.

मी सातारा जिल्ह्यातल्या एका माध्यमिक शाळेत इतिहास शिकवते. तुमच्याकडं एक जागा मागायला हे पत्र लिहिते आहे. मुलांच्या पुरवणीत आठवड्यातून एकदा पाव पान द्या. त्यावर जुन्या युद्धातला एक मथळा छापा, आणि तो खरा असता तर दुसऱ्या दिवशी काय काय झालं असतं हे मुलांना लिहू द्या. हे कशासाठी, ते जरा सविस्तर सांगते.

आमच्या वर्गात एक खेळ चालतो. 'उद्याचा अंक' हे नाव मुलांनीच ठेवलंय. फळ्यावर एक जुना मथळा लिहायचा. तो अक्षर न् अक्षर खरा आहे असं धरायचं, एकही शंका काढायची नाही. मग दुसऱ्या दिवशीचं वर्तमानपत्र तयार करायचं. पहिलं पान मात्र सोडून द्यायचं. पहिल्या पानावर सेनापती आणि पंतप्रधान असतात, ते काय हवं ते बोलू शकतात. आम्ही आतली पानं लिहितो. बाजारभाव, रेल्वेच्या वेळा, हरवले-सापडले, छोट्या जाहिराती, वाचकांची पत्रं, उद्या शाळेला सुट्टी आहे की नाही. मथळा खरा असेल तर त्याचे परिणाम या पानांवर कुठं ना कुठं उमटायलाच हवेत. खोटा असेल तर ते लिहिता लिहिताच मुलं हसायला लागतात.

सुरुवात नेहमी पहिल्या महायुद्धातल्या, १९१४ च्या रशियनांपासून होते, कारण ती गोष्ट मुलांना फार आवडते. ऑगस्ट संपत आला होता. बेल्जियममधल्या माँसच्या लढाईनंतर ब्रिटिश फौज मागं हटत होती आणि घरोघरी धास्ती होती. तेवढ्यात बातमी पसरली की रशियाचे हजारो, कुणी म्हणे लाखो, सैनिक अर्खांगेल्स्कहून बोटीनं स्कॉटलंडला उतरलेत. तिथून रात्रीच्या गाड्यांनी, खिडक्यांचे पडदे ओढून, ते दक्षिणेला निघालेत आणि खाडी ओलांडून जर्मनांवर तुटून पडणार आहेत. पाहिलं कुणी? पाहणारे गावोगाव निघाले. फलाटावर उतरून बुटांवरचं बर्फ झटकताना लोकांनी त्यांना म्हणे डोळ्यांनी बघितलं होतं. एका स्टेशनवरच्या नाणं टाकायच्या यंत्रात रशियन रुबल अडकल्याचंही सांगत होते. ब्रिटनमध्ये सेन्सॉर असल्यामुळं तिथल्या पत्रांनी आडून आडून छापलं, अमेरिकेत ती बातमी उघड आली.

आता आमच्या वर्गातला उद्याचा अंक पाहा. रेल्वेच्या पानावर एका मुलानं आधी हिशेब मांडला. एका गाडीत आठशे माणसं धरली तर एक लाख सैनिकांना १२५ गाड्या लागतात. एवढ्या गाड्या एकापाठोपाठ गेल्या, तर दूध घेऊन येणाऱ्या गाड्या रुळावर कधी आल्या? म्हणून बातमी : 'लंडनला आठवडाभर बिनदुधाचा चहा, गृहिणींचा मोर्चा'. दुसऱ्यानं पाव मोजले. माणशी अर्धा किलो म्हटलं तरी दिवसाला पन्नास टन पाव. त्याची छोटी जाहिरात अशी : 'पाहिजेत : रात्रपाळीसाठी भट्टीवाले. रशियन भाषा येत असल्यास प्राधान्य.' एका मुलीनं स्टेशनमास्तरची सूचना लिहिली : 'प्रवाशांनी बुटांवरचं बर्फ फलाटावर झटकू नये, हमाल घसरून पडत आहेत.' आणि शेवटच्या बाकावरचा एक जण, जो एरवी तोंड उघडत नाही, त्यानं विचारलं, "बाई, ऑगस्टात बर्फ? आणि ते आठवडाभर बोटीत वितळलं नाही?"

या एका प्रश्नापाशी शंभर-एक वर्षांपूर्वीची अख्खी अफवा उघडी पडते. अर्खांगेल्स्क कितीही उत्तरेला असलं तरी ऑगस्टात तिथं उन्हाळा असतो. तेव्हाच्या शिकल्यासवरल्या माणसांना हे ठाऊक नव्हतं असं नाही. पण ते मागं हटणाऱ्या आपल्या पोरांच्या काळजीत होते, आणि ही बातमी खरी असावी असं त्यांना मनापासून वाटत होतं. सप्टेंबरच्या मध्यावर सरकारच्या प्रेस ब्यूरोनं इन्कार केला. नंतर बरीच कारणं सांगितली गेली. रशियन अंडी पाठवल्याच्या तारेतला 'अंडी' हा शब्द गळला आणि नुसतेच रशियन उरले, हे त्यातलं एक. स्कॉटिश सैनिकांनी आपण रॉस-शायरचे आहोत असं सांगितलं आणि ऐकणाऱ्यांनी रशिया ऐकलं, हे दुसरं. कार्ल हान्स लोडी नावाच्या जर्मन हेरानं ही अफवा खरी समजून पत्रानं मायदेशी कळवली. ब्रिटिश गुप्तचरांनी त्याच्या इतर मजकुरावर नजर ठेवली होती, हे पत्र मात्र मुद्दाम जाऊ दिलं. अंड्यांच्या कथेवर मुलांनी आणखी एक जाहिरात केली होती : 'एक लाख रशियन पोचले, पैकी सातशे फुटलेले. व्यापाऱ्यानं भरपाई द्यावी.'

तुम्ही म्हणाल, हा नुसता पोरखेळ झाला. मला तसं वाटत नाही. त्या तासाला माझ्या मुलांनी रेल्वेची क्षमता, पावाचं वजन, उत्तर ध्रुवाजवळचं हवामान आणि तारखात्याचं काम, एवढं सगळं स्वतःहून शोधलं. धड्याखालच्या प्रश्नांना ती असं कधी भिडलेली मी पाहिली नाहीत.

अँटवर्पच्या घंटांचा तासही सांगायला हवा, कारण त्या दिवशी मीही शिकले. १९२८ साली आर्थर पॉन्सनबी या ब्रिटिश खासदारांनी युद्धकाळातल्या असत्यांवर एक पुस्तक लिहिलं, त्यातली ही साखळी जगभर सांगितली जाते. बेल्जियममधलं अँटवर्प शहर जर्मनांच्या हाती पडल्यावर घंटा वाजल्या, असं एका जर्मन पत्रानं दिलं. घंटा जर्मनीत वाजल्या होत्या. फ्रेंच पत्रानं लिहिलं की अँटवर्पच्या पाद्र्यांना घंटा वाजवायला भाग पाडलं. लंडनच्या पत्रात नकार देणाऱ्या पाद्र्यांना हाकललं गेलं, इटालियन पत्रात त्यांना सक्तमजुरी झाली, आणि फिरून फ्रेंच पत्रात आली तेव्हा जर्मनांनी पाद्र्यांना खाली डोकं वर पाय करून घंटांमध्ये लोलक म्हणून टांगलं होतं. शेवटचा मथळा फळ्यावर लिहिला तेव्हा वर्गात हसू उसळलं. मग एका मुलीनं विचारलं की पुढचे चारही मथळे इतके बेतशीर कसे वाढत गेले? गोष्ट सांगायला बसल्यासारखे? तिची शंका रास्त होती. ती साखळीच मुळात जर्मन बाजूनं शत्रूच्या वर्तमानपत्रांची थट्टा म्हणून रचली होती, असं पुढं अभ्यासकांनी दाखवलंय. म्हणजे खोटेपणाचा नमुना म्हणून जी गोष्ट पिढ्यान् पिढ्या सांगितली गेली, तीही परीक्षेला उतरली नाही. तेव्हापासून खोट्या बातम्यांबद्दलच्या बातम्याही आम्ही याच खेळात घालतो.

युद्ध संपल्याचा मथळा चार दिवस आधी छापला गेला, तो प्रसंग याहून वेगळा आहे. ७ नोव्हेंबर १९१८. युनायटेड प्रेस या अमेरिकन वृत्तसंस्थेचे अध्यक्ष रॉय हॉवर्ड फ्रान्समधल्या ब्रेस्ट बंदरात होते. तिथले अमेरिकन अॅडमिरल हेन्री विल्सन यांनी त्यांना युद्धविरामावर सह्या झाल्याचं सांगितलं. हॉवर्डनी तार ठोकली, आणि थोड्याच वेळात न्यूयॉर्कच्या रस्त्यांवर माणसांचा महापूर लोटला. कचेऱ्यांच्या खिडक्यांतून कागदाचे कपटे उधळले गेले, कामं बंद पडली, अनोळखी माणसं एकमेकांच्या गळ्यात पडली. वॉशिंग्टनहून इन्कार आला तरी लोक ऐकेनात. बातमी नाकारणाऱ्यांचाच लोकांना राग आला. खरा युद्धविराम ११ नोव्हेंबरला झाला आणि सगळं शहर पुन्हा रस्त्यावर आलं.

या मथळ्यावर आमच्या मुलांनी झाडूवाल्यांच्या युनियनचं पत्र लिहिलं : 'सात तारखेचा कचरा अजून उचलतोय. अकराला पुन्हा शांतता करणार असाल तर आधी कळवावं.' एका कारकुनाची जाहिरातही होती : 'आनंदाच्या भरात खिडकीबाहेर फेकलेली खतावणी सापडल्यास आणून द्यावी, साहेब वाट पाहत आहेत.' मुलं पोट धरून हसत होती. मग मी त्यांना त्या मधल्या चार दिवसांची आतली पानं लिहायला सांगितली, फ्रान्समधली. पेन थांबली. त्या चार दिवसांत आघाडीवर रोज माणसं मरत होती. शेवटच्या एका दिवसातच सर्व बाजूंचे मिळून सुमारे २,७०० सैनिक मेल्याचा अंदाज आहे. न्यूयॉर्कमध्ये कपटे उडत होते त्या दुपारी कितीतरी आयांनी मुलगा वाचला म्हणून देवाचे आभार मानले असतील, आणि तो दहा तारखेला गेला असेल. घाईनं छापलेला आनंदाचा मथळा निरुपद्रवी असतो, असं तुमच्यापैकी कुणाला वाटत असेल तर या चार दिवसांकडं पाहा.

दुसऱ्या महायुद्धातही असंच झालं, पण थोडक्यात निभावलं. ३ जून १९४४ ला असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेच्या लंडन कचेरीतली एक तरुण टेलिप्रिंटर चालक हाताला सवय व्हावी म्हणून सराव करत होती. दोस्तसेना फ्रान्समध्ये उतरल्याचं वाक्य तिनं सरावापुरतं टाइप केलं, ते तारेवर गेलं आणि अमेरिकेत रेडिओवर वाचलंही गेलं. न्यूयॉर्कच्या पोलो ग्राउंड्सवर बेसबॉलचा सामना थांबवून खेळाडू आणि प्रेक्षक प्रार्थनेला उभे राहिले. काही मिनिटांत बातमी मागं घेतली गेली. खरी फौज ६ जूनला उतरली. यावर वर्गातलं सर्वांत आवडतं वाक्य होतं नॉर्मंडीच्या किनाऱ्यावरच्या जर्मन शिपायाच्या पत्रातलं : 'प्रिय आई, आम्ही सकाळपासून समुद्राकडं बघतोय. रेडिओ म्हणतो ते आलेत. इथं फक्त एक कोळी आलाय आणि तो मासे विकतोय.'

गाजरांची बातमी तुम्हा सगळ्यांच्या घरी पोचलेली आहे. १९४० च्या हिवाळ्यात जर्मन विमानं लंडनवर रात्री बॉम्ब टाकत होती आणि ब्रिटिश वैमानिक अंधारात ती पाडू लागले होते. जॉन कनिंगहॅम या वैमानिकाला तर वर्तमानपत्रांनी मांजराच्या डोळ्यांचा म्हणून डोक्यावर घेतलं. पत्रांनी लिहिलं की हे वैमानिक भरपूर गाजरं खातात, म्हणून त्यांना अंधारात दिसतं. खरं तर त्यांच्या विमानांत रडार बसवलं होतं, आणि ते गुपित होतं. शिवाय ब्रिटनमध्ये तेव्हा गाजरांचं पीक अमाप आलं होतं आणि लोकांनी ती खावीत अशी अन्न खात्याची इच्छा होती. खात्यानं 'डॉक्टर कॅरट' नावाचं चित्रपात्रच काढलं. पुढं या बातमीनं इतकं मूळ धरलं की आजही साताऱ्यात ताटात गाजराची कोशिंबीर शिल्लक राहिली की आई म्हणते, खा, डोळे चांगले होतात. अ जीवनसत्त्व कमी पडलं तर रातांधळेपणा येतो हे खरंच आहे. पण पोट भरून गाजरं खाल्ली म्हणून कुणाला अंधारात पाच मैलांवरचं विमान दिसत नाही.

मुलांचा उद्याचा अंक : 'लंडनच्या टांगेवाल्यांनी कंदील विकायला काढले. घोडा आधीपासूनच गाजरं खातो, त्याला वाट दिसते.' 'पोलिसांची सूचना : संशयितांच्या घरी एक किलोपेक्षा जास्त गाजरं आढळल्यास रात्रीच्या चोरीचा गुन्हा नोंदवला जाईल.' आणि बर्लिनहून तातडीची तार : 'विमानं परत बोलवा. सशांची तुकडी उभारा.' या मथळ्याबद्दल मी कधी कठोर बोलत नाही. इथं बातमीनं सैनिकांचं गुपित राखलं, आपल्या माणसांना खोट्या आशेवर ठेवलं नाही. युद्धात काही गोष्टी न सांगणं मला मान्य आहे. मुलांना हा फरक लगेच कळतो.

जो मथळा वर्गात आणताना माझा आवाज बदलतो तो मेसोपोटेमियाचा, म्हणजे आजच्या इराकचा. आमच्या जिल्ह्यात पहिल्या महायुद्धाला माणूस न दिलेलं गाव शोधावं लागेल. अपशिंगे मिलिटरीसारख्या गावात तर गावाच्या नावातच पलटण आहे. १९१५ च्या शरद ऋतूत मेजर जनरल टाउनशेंड यांच्या हाताखालची सहावी डिव्हिजन, म्हणजे आपली पुणे डिव्हिजन, टायग्रिस नदीच्या काठानं बगदादकडं चालली होती. तिच्यात १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी होत्या. २ नोव्हेंबरला पंतप्रधान अॅस्क्विथ यांनी पार्लमेंटमध्ये सांगितलं की या युद्धात इतकी काळजीपूर्वक आखलेली, इतकी चमकदार आणि यशाची इतकी खात्री असलेली दुसरी मोहीम क्वचितच झाली असेल. बगदाद आता टप्प्यात आलं होतं, निदान छापील अक्षरांत तरी.

या मथळ्यावरचा उद्याचा अंक मुलांनी प्रेमानं लिहिला. 'बगदादच्या बाजारात खजुरांचा भाव वाढला, साताऱ्याच्या शिपायांची घासाघीस.' 'नदीकाठी भाकरीची चूल पेटली, धुरामुळं खलिफांच्या शहरात घबराट.' 'सुट्टीवर येणाऱ्यांनी गावासाठी गालिचा आणू नये, बैलगाडीत मावत नाही.' मग मी त्यांना एक यादी करायला लावते. बगदाद घ्यायचं तर बोटी किती हव्यात, दवाखान्याच्या किती, बसऱ्याहून धान्य किती दिवसांत पोचतं, नदीला पाणी कमी असलं तर काय? चौदा वर्षांची मुलं ही यादी अर्ध्या तासात करतात आणि म्हणतात, बाई, पुरत नाही. तेव्हाही पुरत नव्हतं. २२ नोव्हेंबरला बगदादच्या अलीकडं टेसिफॉनला तुर्कांसमोर फौज अडली, मोठी हानी सोसून मागं फिरली आणि ७ डिसेंबरपासून कुट-अल-अमारा इथं वेढली गेली. वेढा जवळजवळ पाच महिने चालला. घोडे कापून खायची वेळ आली. आपल्या शिपायांपैकी बऱ्याच जणांनी धर्माच्या भावनेनं ते मांस कितीतरी दिवस नाकारलं आणि उपाशी, स्कर्व्ही झालेल्या अंगानं पहारे दिले. २९ एप्रिल १९१६ ला सुमारे १३,००० जण शरण गेले. कैदेच्या वाटेवर आणि छावण्यांत हजारो मेले. बगदाद पडलं ते मार्च १९१७ मध्ये, दुसऱ्या फौजेच्या हातून.

खजुरांच्या भावावर हसलेली मुलं या टप्प्यावर आपापल्या वह्यांकडं बघत बसतात. त्यांना मी कधी रागावले नाही. त्यांचं हसणं त्या मथळ्यावर होतं, शिपायांवर नव्हतं. उलट, मथळ्यात एकाही शिपायाची भूक नव्हती, आणि मुलांनी निदान चूल आणि भाकरी तरी लिहिली.

मथळाच नसेल तर काय होतं, तेही आपल्याकडं घडलंय. १४ एप्रिल १९४४ ला मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत फोर्ट स्टिकाइन या जहाजाला आग लागली. जहाजात सुमारे १,४०० टन स्फोटकं होती, कापसाच्या गाठी होत्या आणि सोन्याच्या विटा होत्या. दुपारी चारच्या सुमारास एकामागून एक दोन प्रचंड स्फोट झाले. शेकडो माणसं गेली, आग विझवताना अग्निशमन दलाचे ६६ जवान कामी आले, मैलभर दूरच्या एका घराचं छप्पर फोडून सोन्याची वीट आत पडली. सगळ्या शहरानं आवाज ऐकला, धूर पाहिला. पण युद्धाचा सेन्सॉर होता. सविस्तर वृत्त पाठवायची परवानगी बातमीदारांना मिळाली मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात. जपान्यांच्या ताब्यातला सायगाव रेडिओ मात्र दुसऱ्याच दिवशी ही बातमी सांगत होता. जपानी विमानं आली, अशी मुंबईत बोलवा होती. या दिवसासाठी मुलं उलटा खेळ खेळतात. आतली पानं सगळी भरलेली, काचा बसवणाऱ्यांच्या जाहिराती, हरवलेल्या माणसांच्या सूचना, 'सापडली : सोन्याची वीट, ओळख पटवून न्यावी', आणि पहिलं पान कोरं. ते कोरं पान मी वर्गाच्या भिंतीवर लावून ठेवलंय.

आता ज्या रात्रीमुळं हे पत्र लिहायला बसले, त्या रात्रीबद्दल. ८ मे २०२५. ऑपरेशन सिंदूर सुरू झालेलं होतं. काही वाहिन्यांच्या पट्ट्यांवर एकापाठोपाठ एक येत गेलं : कराची बंदर उद्ध्वस्त, इस्लामाबाद ताब्यात, पाकिस्तानच्या लष्करप्रमुखांना अटक. आमच्या शेजारच्या काकूंचा मुलगा तेव्हा सीमेवर होता. त्या रात्रभर टीव्हीसमोर बसून राहिल्या. प्रत्येक नव्या पट्टीला त्यांना वाटे, माझं पोर आता कुठपर्यंत पुढं गेलं असेल? सकाळी मुलाचा फोन आला. तो म्हणाला, "आई, मी आहे तिथंच आहे. तू टीव्ही बंद कर आणि झोप." त्या पट्ट्यांमधलं काहीही झालेलं नव्हतं. एखाद्या वाहिनीनं पुढं पडद्यावर माफी मागितली. बाकीच्यांचा विषय दुसऱ्या दिवशी बदललेला होता.

जूनमध्ये शाळा सुरू झाल्यावर मुलांनी स्वतःच हे मथळे मागून घेतले. आधी मी त्यांना १९७१ चं कराची दिलं, तुलनेसाठी. ४ डिसेंबरच्या रात्री आपल्या नौदलाच्या निपात, निर्घात आणि वीर या क्षेपणास्त्र नौकांनी कराचीवर खरोखर हल्ला केला होता. उद्याचा अंक भराभर जमला. केमारीच्या तेलाच्या टाक्या पेटल्या, म्हणून रॉकेलची टंचाई. पाकिस्तानी युद्धनौका बुडाल्या, म्हणून बंदरात धावाधाव. चार दिवसांनी पुन्हा हल्ला झाला, म्हणून परदेशी व्यापारी जहाजं कराचीकडं फिरकेनात आणि विम्याचे दर चढले. हसायला काही मिळालं नाही. एकेक गोष्ट दुसरीला जोडली जात होती, आणि पुस्तकं उघडल्यावर त्यातलं बरंचसं तसंच घडलेलं निघालं.

मग २०२५ ची पट्टी घेतली. कराची उद्ध्वस्त? मग तिथं जाणारी कंटेनर जहाजं सकाळी कुठं वळली, न्हावा शेव्याबाहेर रांग का लागली नाही, दुबईच्या व्यापाऱ्याचा फोन का आला नाही? इस्लामाबाद ताब्यात? एका शेतकऱ्याच्या मुलीनं लगेच विचारलं, तलाठी कोण नेमला? सातबारा कुणाच्या नावावर चढला? त्यावर पुढची जाहिरात : 'स्पर्धा परीक्षेच्या विद्यार्थ्यांना सूचना : इस्लामाबाद तालुक्यासाठी ग्रामसेवकांची ४० पदं, उर्दू टंकलेखन आवश्यक.' आणि शाळेच्या सूचना फलकावर : 'यंदाची सहल रायगडऐवजी रावळपिंडीला जाईल. पालकांनी संमतीपत्र भरून द्यावं.' वर्ग हसून लोळला. त्यात तिघांचे वडील फौजेत आहेत. तीही हसली, आणि त्यांच्या चेहऱ्यावर हसण्याबरोबर सुटकाही होती, ती मी बघितली. त्या रात्री हे असं हसू त्यांच्या घरी कुणी पोचवलं असतं तर त्यांच्या आया झोपू शकल्या असत्या.

म्हणून माझं मागणं. पाव पान तर द्याच. पण त्याच्या आधी हा खेळ तुमच्या डेस्कवर सुरू करा. युद्धाच्या रात्री एखादा मोठा दावा आला की पट्टी चढवण्याआधी सर्वांत नव्या उपसंपादकाला सांगा, हे खरं धर आणि उद्याच्या आतल्या पानांच्या पाच ओळी लिही. बंदर, रेल्वे, बाजार, दवाखाना, शाळा. त्याला पाचही ओळी सुचल्या तर त्या पाच ठिकाणी फोन लावा. सुचता सुचता तो हसायला लागला तर पट्टी थांबवा. रात्रीच्या धांदलीत वेळ नसतो हे मला कळतं. पण पाच ओळींना पाच मिनिटं लागतात, आणि ही पाच मिनिटं दिल्यानं कुणाचा खप बुडेल असं मला वाटत नाही.

दुसरं, चूक झालीच तर खुलासा त्याच जागी आणि त्याच अक्षरांत छापा. आठ कॉलमी मथळ्याची दुरुस्ती सातव्या पानाच्या तळाशी चौकटीत देऊ नका. वाहिन्यांनी ती त्याच वेळेला, त्याच निवेदकाच्या तोंडून सांगावी. शेजारच्या काकू सातवं पान वाचत नाहीत.

तिसरं मागणं दैनिकांकडं. तुमच्यापैकी जुन्या दैनिकांच्या कचेऱ्यांत पूर्वीच्या अंकांच्या बांधीव फाइली आहेत. त्यांतले युद्धकाळातले अंक शाळांना बघायला मिळावेत, निदान पहिली पानं. चुकलेले मथळे लपवू नका. तेच आम्हाला जास्त उपयोगी आहेत. इंग्लंड-अमेरिकेचे नमुने मी पुस्तकांतून मिळवते, पण १९४२, १९६२, १९६५ आणि १९७१ च्या मराठी पानांवर आमच्या आजी-आजोबांनी काय वाचलं, हे मुलांना तुमच्याकडूनच कळू शकतं.

पहिल्या अंकासाठी मथळा तुमचा तुम्ही निवडा आणि शनिवारपर्यंत पाठवा. सोमवारचा चौथा तास त्यासाठी ठेवलाय. मुलं बुधवारपर्यंत आतली पानं भरून देतील. शुद्धलेखन मी तपासून पाठवीन, विनोदाला मात्र कात्री लावू नका.

आपली,
इतिहासाची एक शिक्षिका
जिल्हा सातारा